फौजेची गणती आणि फौजेचे बळ

पुण्याच्या पर्वतीवर देवळाच्या तटात एक खिडकी आहे. खडकीची लढाई जुंपली असताना दुसरे बाजीराव तेथून रणांगण न्याहाळीत उभे होते, असे परंपरा सांगते, आणि पर्वती चढून गेलेल्या पाहुण्याला ती जागा अजूनही दाखविण्यात येते. ५ नोव्हेंबर १८१७ च्या त्या तिसऱ्या प्रहरी श्रीमंतांच्या दृष्टीस जे पडले असेल ते धीर देणारेच असले पाहिजे. कारण गणेशखिंडीच्या बाजूने पसरलेल्या माळावर त्यांचे सुमारे १८ हजार स्वार आणि ८ हजार पायदळ उभे होते, आणि समोर कर्नल बर याच्या हुकमतीखाली इंग्रजांचे गोरे व देशी शिपाई मिळून तीन हजारही भरत नव्हते. एकास नऊ हा हिशेब शाळकरी मुलालाही सोडविता यावा. पण बापू गोखल्यांनी सोडलेला घोडदळाचा मोठा एल्गार इंग्रजांच्या डाव्या बगलेपुढील दलदलीत फसला, जरीपटका घेऊन पुढे गेलेले मोरोपंत दीक्षित कामास आले, आणि अंधार पडला तेव्हा इंग्रजांकडील मृत व जखमी मिळून ८६, तर पेशव्यांकडील सुमारे पाचशे भरले. पंधरवडा उलटण्यापूर्वी पुणे इंग्रजांच्या ताब्यात गेले. ती दलदल पर्वतीवरून दिसण्याजोगी नव्हती, आणि कवायतीचा सराव तर कोठूनच दिसत नाही.

राष्ट्रांच्या लष्करी बळाची तुलना करणारे आपण सारे बहुधा अशाच एखाद्या खिडकीत उभे असतो. दरवर्षी वर्तमानपत्रांतून देशांची क्रमवारी छापून येते, आपण चौथे असल्याचे वाचून मन प्रसन्न होते, आणि चहाच्या टपरीवर पुढचे पंधरा दिवस तोच विषय पुरतो. या क्रमवारीत सैनिक, रणगाडे, विमाने, पाणबुड्या, तेलाचे साठे, बंदरे, रस्त्यांची लांबी अशा साठावर बाबी एकत्र कालवून एक दशांशयुक्त आकडा काढलेला असतो, आणि नवल असे की, अण्वस्त्रे त्या हिशेबात धरलेलीच नसतात. ज्या अस्त्राच्या धास्तीने १९४५ नंतर महासत्तांनी आपसांतले सर्वंकष युद्ध टाळले ते वगळून बलाबल ठरविणे म्हणजे जेवणावळीचा खर्च सोडून लग्नाचा अंदाज काढण्यासारखे आहे. तरीही क्रमवारीचा मुख्य दोष हा नव्हे. मुख्य दोष हा की, बळ हे ताजव्यात घालून तोलण्याचे द्रव्य आहे असे ती गृहीत धरते. वस्तुतः कोणाच्या विरुद्ध, कोणत्या भूमीवर, कशासाठी आणि किती दिवस हे सांगितल्यावाचून 'बलवान' या विशेषणाला अर्थच येत नाही. 'हे औषध चांगले आहे काय' असे विचारणाऱ्या रोग्याला वैद्य आधी रोग विचारतो, तसेच हे आहे.

प्रथम गणतीचेच पाहू, कारण सर्वांत निर्विवाद वाटणारा आकडा तोच. लंडनची आंतरराष्ट्रीय सामरिक अभ्यास संस्था १९५९ पासून 'मिलिटरी बॅलन्स' नावाचा वार्षिक ग्रंथ काढीत आली आहे. त्यात देशोदेशींच्या पलटणी, तोफा, विमाने, नौका यांची नोंद असते आणि जगभरचे अभ्यासक तिचा आधार घेतात. परंतु फेरिस्त कितीही चोख असली तरी ती फेरिस्तच. मोगल दरबाराला ही अडचण पुरती ठाऊक होती. मनसबदार ज्या संख्येचा मान मिरवी तितके स्वार त्याच्या तळावर सापडतीलच याची खातरी नसे. म्हणून अकबराने घोड्याला डाग देण्याची आणि स्वाराचा 'चेहरा', म्हणजे त्याच्या रूपरंगाच्या खुणा, दफ्तरात लिहून ठेवण्याची पद्धत घातली, की ज्यायोगे एकच घोडा दोन सरदारांच्या हजिरीत दोनदा उभा राहू नये. शाहजहानाच्या कारकीर्दीत दरबाराने वस्तुस्थितीशी तडजोडच करून टाकली. जहागीर ज्या सुभ्यात त्याच सुभ्यात नेमणूक असेल तर मनसबदाराने 'सवार' आकड्याच्या एक तृतीयांश, परसुभ्यात असेल तर एक चतुर्थांश, आणि बल्ख-बदख्शानच्या मोहिमेवर असेल तर एक पंचमांश स्वार बाळगले तरी भागे. १६६५ च्या पुरंदरच्या तहाने आठ वर्षांच्या संभाजीराजांना पंचहजारी मनसब मिळाली. तो शब्द ऐकून पाच हजार घोडे डोळ्यांपुढे आणणारा मनुष्य मोगल दफ्तरात नवखा ठरला असता.

ही शिवकालातली जुनी कथा म्हणून बाजूस सारावी, तर आपल्या डोळ्यांदेखत तिची पुनरावृत्ती झाली आहे. जून २०१४ मध्ये इराकचे मोसूल शहर संख्येने कितीतरी कमी असलेल्या हल्लेखोरांच्या हाती पडले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पंतप्रधान हैदर अल-अबादी यांनी आपल्या संसदेला सांगितले की, ५० हजार नावे अशी आढळली की जी पगारपत्रकात आहेत आणि पलटणीत नाहीत. अफगाणिस्तानात सैन्य व पोलीस मिळून तीन लाखांचे दल कागदोपत्री उभे होते. अमेरिकेच्याच तपासनिसांनी त्यातल्या भुतावळीविषयी वर्षानुवर्षे अहवाल लिहिले होते. आणि १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल लढाईवाचून पडले. डाग आणि चेहरा यांच्या जागी बोटांचे ठसे आणि संगणक आले, पण न जन्मलेल्या शिपायाचा पगार उचलण्याची कला काही लोपली नाही.

गणती फसवी म्हणून कित्येकजण पैशाकडे वळतात. स्टॉकहोमच्या शांतता संशोधन संस्थेच्या हिशेबाप्रमाणे २०२४ साली जगाचा लष्करी खर्च २,७१८ अब्ज डॉलर झाला, त्यापैकी अमेरिकेचा ९९७, चीनचा अंदाजे ३१४ आणि भारताचा सुमारे ८६. या आकड्यांवरून अमेरिका भारताच्या साडेअकरा पट बलवान आहे असे जो म्हणेल तो बाजारातली एक साधी गोष्ट विसरला. भारतीय जवानाचा पगार, त्याच्या ताटातली डाळ आणि त्याच्या बराकीच्या विटा रुपयांत विकत मिळतात, आणि तो रुपया डॉलरात रूपांतरित केला की एकाएकी आक्रसतो. अमेरिकन शिपायाला जे वेतन द्यावे लागते त्यात येथे कित्येक जवान पोसले जातात. उलटपक्षी फ्रान्सकडून राफेल विमान घ्यावयाचे झाले तर आपला रुपया जवानासाठी स्वस्त आहे या सबबीवर फ्रेंच कारखानदार भाव उतरवीत नाही. म्हणजे एकाच अंदाजपत्रकातील काही रकमांना एक विनिमयदर लावावा लागतो आणि काहींना दुसरा, आणि कोणत्या रकमेला कोणता लावावा यावर पंडितांचे एकमत होत नाही. शिवाय खर्चाच्या एकूण आकड्यात काय काय दडलेले असते तेही पाहावे. भारताच्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षण मंत्रालयासाठी ६.८१ लाख कोटी रुपये धरले होते, त्यांपैकी १.६१ लाख कोटी, म्हणजे जवळजवळ चौथाई, निवृत्तिवेतनाचे होते. ज्यांनी उमेदीची वर्षे सीमेवर घालविली त्यांचे ते देणे आहे आणि ते फेडलेच पाहिजे. पण त्यातून तोफेचा एक गोळाही येत नाही, हेही तितकेच खरे.

विद्यापीठांतील विद्वानांनी यापेक्षा व्यापक माप शोधण्याचा प्रयत्न केला. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे जे. डेव्हिड सिंगर यांनी १९६३ मध्ये युद्धांच्या कारणांचा सांख्यिकीय अभ्यास आरंभिला, आणि त्यातून राष्ट्रीय सामर्थ्याचा एक निर्देशांक निघाला: एकूण लोकसंख्या, नागरी लोकसंख्या, लोखंड-पोलादाचे उत्पादन, ऊर्जेचा वापर, लष्करी खर्च आणि सैनिकांची संख्या या सहा गोष्टींत जगाच्या बेरजेपैकी त्या त्या राष्ट्राचा हिस्सा किती, याची सरासरी. पोलादाच्या युगासाठी हे माप वाईट नव्हते. परंतु त्याने लोकसंख्येला आणि धातूच्या वजनाला इतके महत्त्व दिले की, या मापाने चीन विसाव्या शतकाच्या अखेरीसच अमेरिकेच्या पुढे गेला, आणि हे त्या काळी बीजिंगच्या सेनापतींनाही खरे वाटले नसते. मायकेल बेक्ली या अभ्यासकाने २०१८ मध्ये यावर नेमके बोट ठेवले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चीनचे एकूण उत्पन्न जगात सर्वांत मोठे होते, तरी पहिल्या अफूच्या युद्धात ब्रिटिशांच्या लहानशा आरमारी मोहिमेपुढे त्या विशाल साम्राज्याला नमावे लागले. ज्या घरात रोज पन्नास पाने उठतात त्या घराचे उत्पन्न मोठे दिसते. पण भाऊबंदांशी दावा लढण्याची वेळ आली म्हणजे पानांचा खर्च वजा जाता पेटीत काय उरले तेच विचारावे लागते. बेक्लींचा आग्रह या शिल्लकेवर आहे, आणि माझ्या मते एकच आकडा हवा असा हट्टच असेल तर तो जमेच्या बाजूचा नसून शिलकेचा असावा.

आता शस्त्रांकडे येऊ. मे १९४० मध्ये जर्मनीने फ्रान्सवर स्वारी केली तेव्हा फ्रान्सजवळ रणगाडे जर्मनीपेक्षा कमी नव्हते, किंबहुना अधिकच होते, आणि त्यांतल्या कित्येकांचे चिलखत जाड व तोफ भारी होती. जो कोणी त्या वर्षीच्या एप्रिलात दोन्ही फौजांचे तक्ते शेजारीशेजारी मांडून बसला असता त्याने फ्रान्सचे पारडे निदान बरोबरीचे तरी ठरविले असते. पण फ्रेंच रणगाड्याच्या बुरुजात बहुधा एकच मनुष्य बसे, आणि दिशा पाहणे, तोफ भरणे, नेम धरणे आणि हाताखालच्या लोकांना इशारे देणे ही सारी कामे त्या एकट्यानेच करावयाची असत. त्यांतून पुष्कळ रणगाड्यांत बिनतारी यंत्रच नव्हते. जर्मनांचे रणगाडे हलके, परंतु ते एकमेकांशी बोलत होते. आणि त्यांच्या दहा चिलखती डिव्हिजनांपैकी सात त्यांनी आर्देनच्या ज्या अरण्यातून घातल्या तेथून मोठे सैन्य येणे दुर्घट आहे असे फ्रेंच सेनापतींनी धरून ठेवले होते. १० मे रोजी चाल झाली आणि २२ जून रोजी फ्रान्सने शरणागतीच्या तहनाम्यावर सही केली.

विमानांच्या बाबतीत तर तक्त्यातील संख्या विशेष दिशाभूल करते, कारण विमान पदरी असणे ही एक गोष्ट आणि सकाळी उडण्यास सज्ज असणे ही दुसरी. सुटे भाग नसल्यामुळे कोठारात बसलेले विमानही क्रमवारीत पूर्ण एक म्हणूनच मोजले जाते. ५ जून १९६७ रोजी इस्रायलच्या सुमारे दोनशे लढाऊ विमानांनी इजिप्तच्या धावपट्ट्यांवर जो घाला घातला त्याचे रहस्य वैमानिकांच्या शौर्याइतकेच जमिनीवरच्या मिस्त्रींत होते. परतलेल्या विमानात तेल भरून, दारूगोळा चढवून ते आठदहा मिनिटांत पुन्हा उडविण्याचा त्यांनी सराव केलेला होता. एकच विमान दिवसातून चार खेपा करू लागले म्हणजे दोनशेचे आठशे होतात, आणि ही वाढ कोणत्याही वार्षिक ग्रंथात छापलेली नसते. त्या एका दिवसात इजिप्तने तीनशेच्या आसपास विमाने गमावली, त्यांतली बहुतेक जमिनीवर. आपल्या वायुदलाला ४२ स्क्वॉड्रनांची मंजुरी आहे आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यावर हाती २९ उरल्या, ही बातमी चिंतेची आहे खरी. पण त्या २९ मधील किती विमाने रोज उडती आहेत, हा प्रश्न त्याहून चिंतेने विचारण्याजोगा आहे.

संख्येला मुळीच किंमत नाही, असे मात्र कोणी समजू नये. मोटारी बनविणारा एक इंग्रज अभियंता, फ्रेडरिक लँचेस्टर, याने १९१६ साली या गोष्टीचे सुंदर गणित मांडले. दोन्ही बाजूंचे सारे बंदूकधारी एकमेकांच्या टप्प्यात असतील आणि नेमबाजीत सारखे असतील, तर त्यांचे बळ संख्येच्या प्रमाणात न राहता संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात राहते. हजारांनी पाचशेंशी लढा दिला तर पाचशे नष्ट होईपर्यंत हजारांतले सुमारे ८६६ शिल्लक राहतात; आणि मग शत्रूचे आणखी पाचशे आले तरी त्यांनाही संपवून सुमारे सातशे उरतात. म्हणजे हजार विरुद्ध हजार अशी बरोबरीची झुंज असूनही जो आपली फौज दोन तुकड्यांनी पुढे धाडील तो समूळ बुडतो. पण याच गणिताची दुसरी बाजू अशी की, जेथे साऱ्यांना एकदम भिडता येत नाही तेथे हा वर्गाचा नियम लागूच पडत नाही, आणि मागे उभे असलेल्यांची संख्या ही केवळ खोगीरभरती ठरते. शास्ताखानाने कोकणात धाडलेला कारतलबखान २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीच्या अरुंद नाळेत शिरला तेव्हा त्याची फौज मोठी होती. पण नाळेत एका वेळी लढू शकतील इतकेच त्याचे लोक खरे, आणि दोन्ही अंगांच्या झाडीत दबा धरून बसलेले महाराजांचे मावळे मात्र सर्वच्या सर्व खरे. सामानसुमान आणि द्रव्य टाकून खानाला वाट मागून घ्यावी लागली. लँचेस्टरचे समीकरण ठाऊक नसताना ते सह्याद्रीत अडीचशे वर्षे आधी वापरून झाले होते, असे म्हटले तर तो केवळ अभिमानाचा उद्गार होणार नाही.

भूमी ही अशी आकड्यांत ढवळाढवळ करते. चीनच्या खड्या सैन्यात वीस लाख माणूस आहे, पण तैवानच्या सामुद्रधुनीची रुंदी अगदी अरुंद जागीही सुमारे १३० किलोमीटर असल्यामुळे तेथे वीस लाखांना अर्थ नाही; एका फेरीत जहाजांतून जितके उतरविता येतील तितक्यांनाच आहे. तेच सैन्य लडाखच्या सीमेवर आणावयाचे तर मैदानातून आणलेल्या शिपायाला विरळ हवेची सवय व्हावी म्हणून टप्प्याटप्प्याने दिवस काढावे लागतात, आणि हा नियम आपल्या जवानालाही चुकलेला नाही.

शस्त्राचे नाव आणि शस्त्राचा उपयोग यांतील अंतराचे उत्तम उदाहरण मुंबईच्या आरमारी गोदीतले आहे. १९७१ च्या युद्धाच्या जरा आधी भारताने सोविएत संघाकडून आठ लहान क्षेपणास्त्र नौका घेतल्या होत्या. त्यांची बांधणी किनाऱ्याच्या आणि बंदरांच्या रक्षणासाठी झालेली, तेलाची टाकी लहान, पल्ला तोकडा. तेव्हा पाकिस्तानी आरमाराने भारताच्या यादीत त्यांना राखणदार म्हणून मोजले असल्यास त्यात त्याचा दोष नव्हता. पण ४ डिसेंबरच्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या तीन नौका, मोठ्या नौका सोबतीला आणि तेलाचे जहाज वाटेवर अशी तजवीज करून, थेट कराचीवर घालण्यात आल्या. 'खैबर' ही विनाशिका आणि 'मुहाफिझ' ही सुरुंग काढणारी नौका बुडाली. चार दिवसांनी झालेल्या दुसऱ्या हल्ल्यात केमाडीच्या तेलटाक्या पेटल्या. राखणदाराला चढाईवर पाठविण्याचे सुचले ते डोके कोणत्या रकान्यात मोजावयाचे? आणि ज्याला सांगण्याजोगे आरमारच उरलेले नव्हते त्या युक्रेनने एप्रिल २०२२ मध्ये रशियाच्या काळ्या समुद्रातील ताफ्याची प्रमुख नौका 'मोस्क्वा' किनाऱ्यावरून क्षेपणास्त्रे सोडून बुडविली, तेव्हा नौकांची संख्या नौकांशीच ताडून पाहण्याच्या सवयीचाही निकाल लागला.

हुकमतीच्या प्रश्नाला तर रकाना नाहीच. जालन्याच्या उत्तरेस असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेत कवायती पलटणी होत्या, आणि तोफा इंग्रजांच्या तोफांहून तिळभर कमी प्रतीच्या नव्हत्या. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली याच्या प्रत्यक्ष लढलेल्या साडेचार हजारांच्या आसपास लोकांपैकी तिसरा हिस्सा मेला किंवा जखमी झाला, इतका मारा त्या गोलंदाजांनी केला. तरी त्याने ९८ तोफा जिंकून नेल्या. केळणा नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर दोन गावे दिसतात, त्या अर्थी मध्ये उतार असलाच पाहिजे, हे वाटाड्यांनी नाकारले असता त्याने स्वतः ताडले. आणि इकडे शिंद्यांच्या चाकरीतील इंग्रज अंमलदार कंपनीच्या जाहीरनाम्यासरशी आधीच नोकरी सोडून गेलेले, दोघेही सरदार घोडदळ घेऊन रणातून निघालेले, आणि तोफा मात्र अखेरपर्यंत जागच्या जागी. स्टीफन बिडल या अमेरिकन लेखकाने २००४ साली एक सबंध ग्रंथ लिहून जे सिद्ध केले, की सैन्य वापरण्याचे कसब हे संख्या आणि शस्त्रे या दोहोंपेक्षा निर्णायक ठरते, त्याला असईच्या शेतांत उभे राहून कोणी हरकत घेईलसे वाटत नाही. १९९१ मध्ये ज्या इराकी फौजेला वर्तमानपत्रे जगातील चौथ्या क्रमांकाची म्हणत होती तिच्याशी जमिनीवरची लढाई शंभर तासांत आटोपली, यात नव्या शस्त्रांचा भाग मोठा होता हे मान्य. पण उघड्या वाळवंटात नीट आडोसाही न खणता रणगाडे उभे करणाऱ्यांनी त्या शस्त्रांचे काम सोपे करून ठेवले होते.

मराठीत 'बाजारबुणगे' हा शब्द तुच्छतेने वापरला जातो, आणि पानिपताच्या आठवणीने तो तसा वापरला जाणे स्वाभाविक आहे. यात्रेकरू, कुटुंबकबिला आणि बाजार बरोबर घेऊन भाऊसाहेब जेथे अडकून पडले तेथे अडीच महिन्यांत धान्य सरले, घोडे उपासाने मेले. अब्दालीची रसद तोडण्याच्या कामगिरीवर असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी फौज बाहेर पडली ती पोटात अन्न नसताना. जदुनाथ सरकारांचा अदमास असा की, लढणारे लोक मराठ्यांकडे सुमारे ४५ हजार आणि अब्दालीकडे ६० हजार होते. बखरींतले लाखांचे आकडे बहुतांशी बुणग्यांचे. परंतु आधुनिक सैन्याचे बुणगे म्हणजे त्याचे पुरवठादार, मिस्त्री, डॉक्टर, संदेशवाहक; आणि ते जितके सकस तितके सैन्य दूरवर लढते. फेब्रुवारी २०२२ अखेर कीव्हच्या उत्तरेस रशियन वाहनांची ६४ किलोमीटर लांबीची रांग दिवसचे दिवस खोळंबून राहिली, तेव्हा जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या म्हणविलेल्या सैन्याची परीक्षा टायर आणि डिझेल यांनी घेतली. त्याच युद्धाने पाश्चात्त्यांचेही डोळे उघडले. अमेरिकेत १५५ मिलिमीटरच्या तोफगोळ्यांचे उत्पादन युद्धापूर्वी महिन्याला सुमारे १४ हजार होते. युक्रेनच्या तोफा तेवढे गोळे भर लढाईत तीनचार दिवसांत संपवीत.

म्हणून माझ्यासारख्या सामान्य नागरिकाला एखाद्या सैन्याविषयी एकच कागद पाहण्याची मुभा मिळाली तर मी पलटणींची यादी मागणार नाही. दारूखान्याचा शिलकी ताळेबंद मागेन. आपल्याकडे तो कधीकधी पाहावयास मिळतोही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१७ साली संसदेपुढे ठेवलेल्या अहवालाप्रमाणे सप्टेंबर २०१६ मध्ये लष्कराच्या १५२ प्रकारच्या दारूगोळ्यांपैकी ६१ प्रकार दहा दिवसांच्या घनघोर लढाईलाही पुरणारे नव्हते. लोकांना हे कळावे की कळू नये, यावर तेव्हा वाद झाला. कळावे असे मला वाटते, कारण शत्रूला ते आपल्यापेक्षा आधी कळण्याचा संभव असतोच. आणि कित्येकदा तर ते ज्यांना कळलेच पाहिजे त्यांनाही कळलेले नसते.

१९६२ च्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, आणि त्यांच्या कारकीर्दीत सव्वाआठ लाखांचे सैन्य, दहा पहाडी डिव्हिजने आणि ४५ स्क्वॉड्रनांचे वायुदल अशी पंचवार्षिक योजना आखली गेली. ती पुरती अंमलात येण्यापूर्वीच १९६५ चे युद्ध आले. खेमकरण भागातील असल उत्तर येथे ऊस आणि पाणी भरलेल्या शेतांत पाकिस्तानचे नामांकित पॅटन रणगाडे अडकून पडले, अब्दुल हमीद या क्वार्टरमास्टर हवालदाराने जीपवरच्या तोफेने त्यांतले काही टिपून वीरमरण पत्करले, आणि कागदावर श्रेष्ठ असलेल्या शस्त्राची दैना साऱ्या जगाने पाहिली. इतके असूनही सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सेनाप्रमुख जनरल चौधरी यांना विचारले की, युद्ध आणखी काही दिवस चालविले तर ठळक विजय मिळण्याजोगा आहे काय. तेव्हा आघाडीचा दारूगोळा बव्हंशी संपला आहे आणि रणगाड्यांची हानीही मोठी आहे, असे उत्तर त्यांना मिळाले. सरकारने युद्धबंदी मान्य केली. संरक्षण मंत्रालयाच्या अधिकृत इतिहासात पुढे जी नोंद झाली ती अशी की, त्या वेळेपर्यंत आघाडीच्या दारूगोळ्यापैकी केवळ १४ टक्के खर्च झाला होता, आणि भारताजवळ उरलेले रणगाडे पाकिस्तानच्या दुप्पट होते. युद्धबंदी २३ सप्टेंबरच्या पहाटे साडेतीन वाजता लागू झाली; हा हिशेब त्यानंतर उजेडात आला.